घाट चढण्यापूर्वी

पेडणे तालुक्यात आगरवाड्याला शापोरा नदीच्या काठाने आजही मिठागरं आहेत. पावसाळा सरला की बांध लिंपले जातात, खारं पाणी वाफ्यांत घेतलं जातं आणि उन्हं तापली की मीठ ओढायला सुरुवात होते. मोटारी येण्यापूर्वी गोव्याचं मीठ घाटावर जायचं ते बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे देशावरचं धान्य घेऊन खाली उतरायचे आणि मीठ, नारळ, सुपारी लादून परत चढायचे. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. त्यामुळे इथल्या माणसाची पाऊलवाट समुद्राकडे जितकी गेली तितकीच सह्याद्रीकडेही गेली. रामघाट, चोर्ल्याचा घाट, आंबोली ही नावं इथल्या जुन्या घरांत मुलांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असायची.

खुश्कीने लांबचा प्रवास करण्याची तयारी म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर या तांड्यांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन केलं आहे. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याला १६३२ मध्ये उत्तरेत चौदा हजार बैलांचा तांडा भेटला होता. एवढा पसारा घेऊन ही माणसं दिवसाला जेमतेम सहा-सात मैल चालत. वेग इतका कमी ठेवण्याचं कारण साधं होतं. बैलाची वैरण त्यांनी कधी बैलाच्या पाठीवर लादली नाही. मुक्काम पडला की ओझं उतरायचं, बैल चरायला सुटायचे. ज्या वाटेवर चारा-पाणी नाही ती वाट त्यांची नव्हती. गोणी बैलाच्या दोन्ही कुशींना सारख्या वजनाच्या असत, कारण एक बाजू जड झाली की घाटात बैल घसरतो आणि पाठीला जखम होते. जखमी बैल म्हणजे सोडून द्यावा लागणारा माल. वजन किती, ते कुठे बांधलं, वाटेत काय मिळेल आणि काय मोडलं तर वाटेतच दुरुस्त होईल, हे चार प्रश्न तांड्याचा नायक निघण्याआधी सोडवत असे. आज मोटारसायकलवर लेहला निघणाऱ्या मुलालाही हेच चार प्रश्न सोडवावे लागतात.

ही मुलं आता प्रत्येक गावात आहेत. मे-जून उजाडला की जीए ११ आणि जीए ०४, म्हणजे पेडणे आणि डिचोलीच्या क्रमांकाच्या गाड्या उत्तरेकडे निघतात. कोणी पत्रादेवीवरून मुंबईमार्गे जातो, कोणी साखळी-केरी करून चोर्ला चढतो आणि बेळगावला पुणे-बंगळूर महामार्ग धरतो. गोव्याहून मनालीमार्गे लेह सुमारे २,८०० किलोमीटर. परतीचे तेवढेच. कोणी स्पितीला जातो, कोणी नेपाळला, एखादा ईशान्येला तवांगपर्यंत. या प्रवासाला निघणाऱ्यांच्या बोलण्यात तयारी म्हणजे खरेदी असं समीकरण बसलेलं दिसतं. जॅकेट, गुडघ्यांची ढाल, हेल्मेटवरचा कॅमेरा, ॲल्युमिनियमच्या पेट्या, जादा दिवे. यातलं काही उपयोगाचं आहे. हेल्मेट आणि जॅकेट यांत तर काटकसर करूच नये. पण खरी तयारी दुकानात होत नाही. ती अंगणात होते, स्वतःच्या हातांना ग्रीस लागल्यावर होते, आणि आपल्या नशिबाने तिच्या परीक्षेची जागाही आपल्या दारात आहे.

आपली गाडी समुद्राकाठची आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. हरमल, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात वाऱ्यातूनच मीठ येतं. तीन-चार पावसाळे काढलेल्या मोटारसायकलचे नट-बोल्ट बाहेरून चकचकीत दिसले तरी आतून धरलेले असतात. चाकाचा एक्सल, चेन ताणायचे बोल्ट, डिस्क ब्रेकची पिन, बॅटरीचे टर्मिनल, सायलेन्सरची क्लिप यांना गंज पहिल्यांदा गाठतो. पंक्चरचं सगळं साहित्य बरोबर आहे, नवी ट्यूब आहे, पण एक्सलचा नट हलत नाही, अशी वेळ मनाली-लेह रस्त्यावरच्या सार्चूच्या पठारावर आली तर ते साहित्य नुसतं ओझं ठरतं. म्हणून नियम असा ठेवावा की वाटेत जे जे खोलावं लागू शकतं ते निघण्यापूर्वी घरी एकदा खोलायचं. दोन्ही चाकं काढायची, एक्सल पुसून ग्रीस लावून परत बसवायचा. ज्या पान्यांनी हे काम केलं तेच पाने प्रवासात न्यायचे, दुसरे नाहीत. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. बोल्ट मोकळे होतात, आणि आपल्या पेटीत नेमके कोणते पाने लागतात याचा हिशेब कुणाला विचारावा लागत नाही.

पेटीत काय असावं याची यादी प्रत्येक गाडीची वेगळी, तरी काही वस्तू सगळ्यांना सारख्याच. क्लचची आणि ॲक्सिलेटरची एकेक जादा वायर घ्यावी, आणि ती पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या वायरीच्या बाजूनेच ओवून दोन्ही टोकं बांधून ठेवावी. जुनी तुटली की टाकी न उचकटता दहा मिनिटांत नवी जोडता येते. क्लच आणि ब्रेकचे जादा दांडे हवेत, कारण गाडी उभ्या उभ्या पडली तरी पहिला दांडा मोडतो. एक प्लग, चार-पाच फ्यूज, चेनचं एक लॉक, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, हवा भरायचा पंप. टायर ट्यूबलेस असला तरी दोन्ही चाकांच्या मापाची एकेक ट्यूब न्यावी. दगडाने टायरची कड फाटली किंवा रिम वाकली तर रबरी दोऱ्या ठोकून काम भागत नाही, आत ट्यूब घालूनच पुढे जावं लागतं. अर्धा लिटर इंजिन ऑइल, थोडी बारीक तार, विजेची चिकटपट्टी, नायलॉनचे बंद आणि एम-सीलच्या दोन पुड्या. इंजिनच्या खालच्या बाजूला दगड लागून चीर पडली आणि तेल गळू लागलं तर जागा पुसून कोरडी करून एम-सील लावतात आणि गाडी गावापर्यंत नेतात. महागड्या हत्यारापेक्षा या दोन पुड्यांनी जास्त गाड्या घरी आणल्या असतील.

हे हात कुठे शिकायचे? डिचोली तालुक्याला यात मोठी देणगी मिळालेली आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. खाणींच्या काळात या तालुक्याच्या रस्त्यांवरून दिवसाला हजारो टिप्पर धावत. त्यांचे कमानपाटे तुटायचे, डंपर बॉडीला भेगा पडायच्या, क्लच प्लेट जळायच्या. त्या गाड्यांच्या पोटी डिचोली, साखळी, वेळगे, पाळी भागात गॅरेजवाले, वेल्डर, टायरवाले, लेथवाले उभे राहिले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८च्या मार्चमध्ये परत थांबल्या. टिप्पर अंगणांत गंजत उभे राहिले, ज्यांनी कर्ज काढून घेतले होते त्यांची घरं अडचणीत आली. खाणींनी डोंगरांचं आणि शेतांचं जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तुटलेली वस्तू फेकून न देता जागेवर उभी करण्याची जी विद्या त्या काळात इथल्या कारागिरांच्या हातात आली ती मोलाची आहे. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मुलाने शोरूममध्ये सर्व्हिसिंग करून घ्यावं, जरूर घ्यावं, पण नंतर चार रविवार अशा एखाद्या गॅरेजमध्ये बसावं. चेन कशी जोडतात, टायर हाताने कसा उतरवतात, वायरिंगमधला तुटका धागा कसा हुडकतात हे पाहावं आणि उस्तादाच्या देखरेखीखाली स्वतः करावं. मोटारसायकलला सामानाचं कॅरियर लागत असेल तर तेही तयार विकत घेण्याऐवजी अशा वेल्डरकडून करून घ्यावं. लोखंडी कॅरियर तुटलं तर काझाला किंवा कारगिलला कोणताही वेल्डर ते जोडून देतो. ॲल्युमिनियम जोडणारा माणूस तिथे सापडेलच असं नाही.

सामान बांधण्याबाबत तांड्याचा कायदा आजही तसाच लागू आहे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं, जड वस्तू खाली आणि चाकांच्या मध्ये, हलक्या वस्तू वर. पाने आणि ट्यूब मागच्या सीटच्या टोकावर बांधल्या की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरू लागतं. रबरी आकड्यांच्या दोऱ्या सैल पडतात, निसटतात, प्रसंगी चाकात जातात. त्याऐवजी बकलाचे नायलॉनचे रुंद पट्टे वापरावेत. आणि वजन शक्यतो निम्मं करावं. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण प्रत्येक वस्तू घरी ठेवताना भीती वाटते. त्यावर उपाय एकच: सगळं बांधून, टाकी पूर्ण भरून, एखादा दिवस घाटात काढायचा.

आपल्याला घाट शोधायला जावं लागत नाही. डिचोलीकरांना केरीहून चोर्ला आहे. अंजुणे धरणाच्या बाजूने रस्ता वर निघतो आणि बघता बघता सुमारे आठशे मीटरवर नेतो. पेडणेकरांना बांदा-सावंतवाडीवरून आंबोली आहे. भरल्या सामानाची गाडी वळणात कशी वागते, उतारावर ब्रेक किती तापतात, कुठली पिशवी कुठे घासते, पाठ कुठे दुखते, हे सगळं त्या एका चढ-उतारात समजतं. ही फेरी पावसात झाली तर अधिक चांगली. आंबोलीच्या जुलैतल्या पावसात ज्या पिशवीतले कपडे कोरडे राहिले ती पिशवी देशात कुठेही नेता येते. पिशवीवर ओढायचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं. त्यापेक्षा आतमध्ये जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधणं भरवशाचं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन सामान उलगडावं आणि ज्या वस्तूला हात लागला नाही ती बाजूला काढावी. औषधं, पाने आणि पावसाचे कपडे तेवढे या नियमातून वगळावेत.

पंढरीच्या वाटेवर जाणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे भागातून आषाढीसाठी पायी दिंड्या निघतात. साखळीजवळच्या विठ्ठलापूरचं विठ्ठलमंदिर हे या परिसरातल्या वारकऱ्यांचं मोठं ठिकाण. ऐन पावसात घाट चढून ही मंडळी कोरड्या देशावर जातात आणि पंढरपूरपर्यंत शेकडो किलोमीटर चालतात. दिंडीचा शिधा आणि राहुट्या बरोबरच्या वाहनात असतात, अंगावर मात्र पडशी, टाळ, पाण्याची बाटली आणि डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा कागद एवढंच. पायांची काळजी ते फार जाणतेपणाने घेतात. वापरून मऊ झालेल्या चपला, मुक्कामाला पाय धुऊन कोरडे करणं, तळव्यांना खोबरेल चोळणं, फोड आला तर त्याच दिवशी त्याची दखल घेणं. नवे बूट घालून कोणी वारीला निघत नाही. मोटारसायकलवाल्यांनी हा धडा जसाच्या तसा उचलावा. नवे बूट, नवे हातमोजे, नवं हेल्मेट निदान महिनाभर रोज वापरावं आणि मगच लांब जावं. सकाळी अंधार फुटताना निघायचं आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा ही रीतही वारीचीच.

थंडी हा आपला कच्चा विषय आहे. पेडण्यात जानेवारीच्या पहाटे शेकोटी पेटली तरी ती गंमत असते. कोकणी माणसाला ओलं होण्याची सवय आहे, ओलं आणि गार एकदम होण्याची नाही. सुती बनियन घामाने भिजलं की अंगावरच गार पडतं, म्हणून आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घ्यावा, त्यावर ऊब देणारा थर आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा. एकच जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा असे तीन थर चांगले. बूट चामड्याचे असोत की आणखी कसले, नाला ओलांडताना ते भिजले तर दोन दिवस वाळत नाहीत. त्यासाठी खाणकामगार घालायचे ते रबरी गमबूट उत्तम. लडाखच्या वाटेवर अनेक रायडर आता तेच वापरतात आणि आपल्याकडे ते कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बर्फ वितळून येणाऱ्या नाल्यांना दुपारनंतर पाणी चढतं, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे.

थंडीपेक्षाही उंची फसवी आहे, आणि इथे मी थोडं थांबून सांगणार आहे, कारण दरवर्षी धडधाकट तरुण याच एका कारणाने परततात आणि काही परतत नाहीत. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. व्यायाम करणारा, पोहणारा, फुटबॉल खेळणारा मुलगाही त्यातून सुटत नाही. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात, जिद्दीने ते दिवस कमी होत नाहीत. नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर, सार्चू बेचाळीसशेच्या वर. मनालीहून सुटून सार्चूला झोपणं हा त्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा धोका. २०२०च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलमध्ये पोचायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे हा मोह वाढला आहे. केलाँग किंवा जिस्पाला थांबावं. वेळ असेल तर श्रीनगर, कारगिल करत जावं, ती वाट हळूहळू चढते. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली चिन्हं. ती असताना आणखी वर जायचं नाही. तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, मित्राच्या खिशातून घेऊ नये. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर हे विचारलंच पाहिजे.

उंचीचा परिणाम जेवणावरही होतो. सार्चूसारख्या ठिकाणी पाणी शहाऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. आपला उकडा तांदूळ तिथे तासभर रटरटत ठेवला तरी शिजत नाही आणि गॅस मात्र संपतो. स्वतः रांधायचं असेल तर लहान प्रेशर कुकर न्यावा. नाहीतर पोहे, सातू, नाचणीचं सत्त्व, शेंगदाण्याचे लाडू असं न शिजवता किंवा थोड्या गरम पाण्यात होणारं अन्न न्यावं. आमसुलं जरूर बरोबर घ्यावीत. कढत पाण्यात दोन आमसुलं, मीठ आणि गूळ टाकला की तोंडाला चव येते आणि पाणी पोटात जातं. उंचीवर तहान कमी लागते आणि शरीर मात्र जास्त कोरडं पडतं, म्हणून हे महत्त्वाचं. अतिसारासाठी ओआरएसच्या पुड्या वेगळ्या ठेवाव्या.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. मनाली-लेह रस्त्यावर तांदी इथल्या पंपाजवळ पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारा फलक वर्षानुवर्षे प्रवाशांना परिचित आहे. तेरा लिटरची टाकी आणि लिटरला तीस किलोमीटर धरले तर कागदावर ३९० होतात, पण चढात, खराब रस्त्यावर आणि खालच्या गियरमध्ये तीसचे पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा धातूचा कॅन न्यावा, पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरू नये.

देशाच्या सीमा ओलांडायच्या असतील तर तयारीतला मोठा हिस्सा कागदांचा असतो, आणि त्याचा उलटा धडा पेडण्यात पाहायला मिळतो. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबर खिंड, लाहोर, दिल्ली आणि शेवटी गोवा अशी खुश्कीची वाट साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातल्या तरुणांनी मळून टाकली होती. जुन्या बसगाड्या, व्हॅन, लष्कराचे मोडीत काढलेले ट्रक घेऊन ते येत. कळंगुट-हणजूण गजबजले तसे त्यातले काही उत्तरेला हरमलकडे सरकले. अजूनही हिवाळ्यात युरोपी क्रमांकाची एखादी घरासारखी बांधलेली गाडी दिसते. तिच्याकडे नीट पाहावं. छतावर दुसरी स्टेपनी, बाजूला वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालायच्या पट्ट्या, पाण्याची टाकी आणि गाळणी, डिझेलचे दोन फिल्टर, आणि स्वयंपाकासाठी निरनिराळ्या देशांतल्या सिलिंडरच्या आट्यांना बसतील असे जोड. सगळं साधं आहे आणि प्रत्येक वस्तूच्या मागे कुठल्यातरी रस्त्यावरची अडचण आहे. या मंडळींनीही आपल्या किनाऱ्याचे नियम पाळले पाहिजेत. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर चूल मांडायला गोव्यात कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

त्या गाडीच्या कागदांत कार्ने नावाची एक पुस्तिका असते. गाडी देशात आली की एक पान फाटतं, बाहेर पडली की दुसरं. गाडी बाहेर पडलीच नाही तर तिच्यावरचं आयातशुल्क कार्ने देणाऱ्या संस्थेला भरावं लागतं, म्हणून ती संस्था आधी मालकाकडून हमी घेते. आपल्या माणसाला बाहेर जायचं तर हीच पुस्तिका १९१९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेकडून घ्यावी लागते आणि गाडीच्या किमतीच्या हिशेबाने मोठी रक्कम किंवा बँकेची हमी अडकवून ठेवावी लागते. नेपाळला कार्ने लागत नाही. सीमेवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना मिळतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो आणि वर्षभर चालतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या माणसाला त्यासाठी पणजीला खेटे घालण्याची गरज नाही. देशातच फिरायचं असलं तरी आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना यांच्या कागदी प्रती बरोबर हव्यात. मोबाइलमधले कागद रेंज आणि बॅटरी असेपर्यंतच. लडाखसाठी पोस्टपेड सिम घ्यावं.

आणि मूळ कागद कधीही गाडीवर ठेवू नयेत. २०२५ मध्ये मुंबईहून मोटारसायकलवर निघून इंग्लंडपर्यंत पोचलेल्या योगेश आलेकरी या आपल्या मराठी तरुणाची गाडी ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅममध्ये भरल्या सामानासकट चोरीला गेली. पासपोर्टही त्यातच गेला. अनेक देश पार करून सुखरूप पोचलेला माणूस एका बागेबाहेर अडकून पडला. पासपोर्ट, थोडी रोकड आणि परवाना कपड्यांच्या आत शिवलेल्या खिशात, अंगाला लागून हवेत.

वाट बंद होते, हेही तयारीत धरलं पाहिजे. पेडण्याला हे वेगळं सांगायला नको. १९५५च्या १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या काळात भारताने केलेल्या नाकेबंदीमुळे १९६१ला गोवा मुक्त होईपर्यंत पलीकडच्या सावंतवाडीशी असलेला पिढ्यान्‌पिढ्यांचा राबता तुटला होता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि युरोप-गोवा ही वाट एका वर्षात मोडली. २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून पूर्वेकडे जाणं अवघड झालं. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद झाली. एवढं लांब कशाला, २०२०च्या ऑगस्टमध्ये पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात भिंत कोसळली आणि २०२४च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी फुटून कोकण रेल्वे ठप्प झाली. मोटारसायकल रेल्वेने दिल्लीला पाठवून पुढे चालवण्याचा बेत करणाऱ्यांनी पावसाळ्यात दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवावा. प्रवासाच्या दिवसांत पाचाला एक या हिशेबाने मोकळे दिवस धरावेत. रजा संपत आली म्हणून दरड कोसळलेल्या रस्त्यावरून रात्री गाडी हाणणं हा सर्वांत महाग पडणारा घाईचा प्रकार आहे.

सामानाची आणि पैशांची चिंता करणाऱ्यांनी १९२३ साल आठवावं. त्या वर्षी ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. वाळवंटं, डोंगर, जंगलं तुडवत त्यातल्या तिघांनी, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, सुमारे ७१,००० किलोमीटरचा फेरा पूर्ण केला आणि ते १९२८च्या मार्चमध्ये परतले. त्यांच्याकडे जीपीएस नव्हतं, जलरोधक पेट्या नव्हत्या. पंक्चर काढता येत होतं, सायकल खोलून जोडता येत होती आणि शरीर तयार होतं.

आता एक मागणी. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांत सरकारी आयटीआय आहेत. तिथे मोटारींची कार्यशाळा आहे, पाने आहेत, शिकवणारी माणसं आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये, मुलं उत्तरेला निघण्यापूर्वी, शनिवार-रविवारचा दोन दिवसांचा वर्ग तिथे सुरू करावा. पहिल्या दिवशी चाक, चेन, वायर, ब्रेक आणि पंक्चर, दुसऱ्या दिवशी प्रथमोपचार, उंचीचा आजार आणि भरल्या सामानाने घाटाची एक फेरी. शिकवायला खाणींच्या काळातले दोन जुने मेकॅनिक आणि आरोग्य केंद्रातले एक डॉक्टर पुरेसे होतील. मुलींनाही यात मुद्दाम बोलवावं, स्कूटर चालवण्यात त्या आपल्याकडे कुणाच्या मागे नाहीत. दोन्ही तालुक्यांतल्या पंचायतींनी आणि तिथल्या प्राचार्यांनी एवढं मनावर घ्यावं, आणि ज्यांच्या घरातून कोणी यंदा निघणार आहे त्यांनी त्यासाठी आतापासूनच अर्ज करावा.